मीटर रूमचं दार उघडा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : वार्षिक सर्वसाधारण सभेत मीटर रूमच्या विद्युत तपासणीचा ठराव घेण्याबाबत

स. न. वि. वि.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स करून बाहेर पडलो त्याला आता 34 वर्षं झाली. तेव्हापासून पॅनल, केबल आणि मीटर रूम हेच माझं काम. 30 सप्टेंबरच्या आत तुमच्या वार्षिक सभा होतील, विषयपत्रिका आत्ता तयार होत असतील, म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. सात मजली इमारत, 42 फ्लॅट. सचिवांचा फोन आला तो विजेसाठी नव्हताच. जिन्याखाली आठवडाभर घाण वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून कीटकनाशकवाल्याला बोलावलं, त्याने अडगळ बाहेर काढून कानाकोपरा धुंडाळला, पण काही सापडलं नाही. वास मात्र दिवसा कमी व्हायचा आणि रात्री जेवणं झाली की वाढायचा. त्यांच्या एका सभासदाला शंका आली आणि माझा नंबर दिला गेला. ज्यांनी शंका घेतली त्या बाईंचे मी मनापासून आभार मानतो. बेकेलाइट आणि प्लॅस्टिक फार तापलं की सडक्या मासळीसारखा वास येतो, हे आमच्या धंद्यात नवख्या पोरालाही शिकवतात. सोसायटीत ते कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

रात्री साडेनऊला गेलो. मे महिना होता, सगळ्यांचे एसी चालू. बसबार चेंबरचं, म्हणजे मेन वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या पेटीचं, झाकण काढलं आणि उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा लावला. इमारतीत वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून, येते. लाल आणि निळ्या फेजचे जोड 54 आणि 57 अंशांवर होते. मधल्या पिवळ्या फेजचा जोड 118 अंशांवर. लगवरची, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कानावरची, पिवळी स्लीव्ह तपकिरी होऊन तडकली होती आणि केबलचं इन्सुलेशन चार बोटं मागेपर्यंत कडक झालं होतं. पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंशांपर्यंत चालायला बनवलेलं असतं.

मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, तिन्ही फेज मेल्याची टेस्टरने खात्री केली आणि बोल्टला पाना लावला. बोल्ट हाताने फिरला. बसबार ॲल्युमिनियमचा होता आणि त्यावर कुणीतरी तांब्याचा लग तसाच ठेवून आवळला होता. मध्ये बायमेटल (दोन धातूंचा) वॉशर नाही, कलई नाही, ग्रीस नाही. स्प्रिंग वॉशर तापून तापून चपटा झाला होता, त्यात स्प्रिंगच उरली नव्हती. लगखालचा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग काळा पडून खड्डे खड्डे झाला होता.

मेन स्विचमधले फ्यूज शाबूत होते. पुढचे सगळे एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारे छोटे स्विच) वर, म्हणजे चालूच, होते. काहीही ट्रिप झालं नव्हतं. हे पत्र ज्या एका गोष्टीसाठी लिहितो आहे ती हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्यूज असो, एमसीबी असो की मोठ्या करंटसाठीचा एमसीसीबी, ही उपकरणं आपल्यातून किती अँपिअर जातात एवढंच बघतात. ठरल्यापेक्षा जास्त गेले तर तोडतात. सैल जोडातून जाणारा करंट अगदी नेहमीचाच असतो. त्या रात्री त्या फेजवर सुमारे 200 अँपिअर होते, फ्यूजला चालण्याजोगे. नीट आवळलेल्या जोडाचा रोध इतका कमी असतो की एवढ्या करंटला तिथे जेमतेम एक-दोन वॅट उष्णता होते. तोच रोध वाढून पाच मिलिओम झाला, म्हणजे ओमच्या हजारव्या भागाचे पाच भाग, तर त्याच करंटला 200 वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते आणि ती कथील वितळवते. अशा आठ आयर्न एका बोल्टभोवती, रोज संध्याकाळी चार-पाच तास. आणि व्होल्टेज किती पडलं? एक व्होल्ट. घरात 230 च्या जागी 229 आले तर कुणाला कळणार आहे?

शिवाय हा जोड आपला आपण बिघडत जातो. ॲल्युमिनियम तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि पोलादी बोल्टच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्ट तेवढा ताणत नाही, मग मऊ ॲल्युमिनियम दाबलं जाऊन कडेला सरकतं. पहाटे लोड उतरला, सगळं गार झालं की तिथे फट राहते. फटीत हवा गेली की ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वीज वाहू देत नाही. दुसऱ्या संध्याकाळी रोध थोडा जास्त, उष्णता थोडी जास्त, फट थोडी मोठी. असे तीनशे-चारशे दिवस गेले की बोल्ट हाताने फिरतो. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात खारी दमट हवा आहे, तिथे तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लागले तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं ते वेगळंच.

आपल्या सगळ्या संरक्षक साधनांना हा दोष दिसत नाही. तो माणसाच्या डोळ्याने, नाकाने, पान्याने आणि कॅमेऱ्यानेच सापडतो. म्हणून वर्षातून एकदा ते दार कुणीतरी उघडायला हवं. मी गेल्या इतक्या वर्षांत ज्या मीटर रूम पाहिल्या त्यातल्या बहुतेकांची झाकणं बिल्डरने लावल्यापासून निघाली नव्हती. स्क्रूवर रंगाचे तीन-तीन थर चढले होते.

तुम्हाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तुम्ही नोकरी-धंदा सांभाळून, मानधन न घेता हे काम करता. लिफ्टचा वार्षिक करार तुम्ही कधी चुकवत नाही. अग्निशमन यंत्रणेचा बी फॉर्म जानेवारीत आणि जुलैत भरता. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हे उपविधीत आहे आणि बहुतेक ठिकाणी होतं. मीटर रूम मात्र मध्येच राहून गेली आहे. सभासदांना वाटतं ती वीज कंपनीची. मीटर आणि सर्व्हिस केबल कंपनीची असते, पण तिथलं पॅनल, बसबार, मेन स्विच आणि वर जाणारे रायझर (मजल्यांच्या केबल) बहुतेक इमारतींत बिल्डरने बसवून इमारतीबरोबर सोसायटीच्या स्वाधीन केलेले असतात. तुमच्या इमारतीत ही हद्द नेमकी कुठे आहे ते वीज कंपनीकडून लेखी मागून घ्या. ते एक पत्र फाइलला असलं तर पुढचे सगळे वाद मिटतात.

आता न्यूट्रलबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेबद्दल. मला स्वतःला फेजपेक्षा न्यूट्रलची जास्त धास्ती वाटते.

इमारतीत तीन फेज येतात आणि फ्लॅट त्यांवर वाटलेले असतात. सगळ्यांचा न्यूट्रल एकच. तो मेन जोडापाशी सुटला तर वीज जात नाही. दिवे चालूच राहतात, पण व्होल्टेज वाटेल तसं फिरायला लागतं. ज्या फेजवर गीझर, इस्त्री, एसी चालू आहेत तिथे ते 100 च्या खाली येतं आणि ज्या फेजवर एखाद-दुसरा पंखा आणि टीव्ही आहे तिथे 350 च्या वर जातं. अशा एका इमारतीत मी पोचलो तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन जळालं होतं. फ्रिज, टीव्ही, वायफायचे राउटर तर घरोघरी गेले होते. सुदैवाने आजोबांना सिलिंडर वेळेत मिळाला. कारण एवढंच होतं की न्यूट्रल लिंकचा एक नट गंजून सैल झाला होता.

जुन्या इमारतींत यात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे साडेतीन कोअरची (आतल्या तारांची) केबल वापरायची पद्धत पडली. त्यातला अर्धा कोअर म्हणजे न्यूट्रल, फेजच्या निम्म्या जाडीचा. बल्ब, पंखे आणि ट्यूबलाइट होत्या तेव्हा हिशोब बरोबर होता, कारण तिन्ही फेज सारख्या भरल्या की न्यूट्रलमध्ये फारसं काही उरत नसे. आज घराघरांत एलईडी, कॉम्प्युटर, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एसी आहेत. ही उपकरणं करंट तुकड्या-तुकड्याने ओढतात आणि त्यातून जो 150 हर्ट्झचा भाग तयार होतो तो तीन फेजमध्ये एकमेकांना मारत नाही, न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येतो. त्यामुळे न्यूट्रल फेजइतका, कधी फेजपेक्षा जास्तही भरतो. तारेभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन येणारा माणूस तीन फेज मोजून निघून जात असेल तर त्याला थांबवा आणि चौथ्या तारेवर मीटर लावायला सांगा. नवी केबल टाकायची वेळ आली तर पूर्ण चार कोअरचीच मागा. फरकाचे पैसे जास्त वाटतील, पण तिथे वाचवू नका.

दुसरी कळकळीची विनंती : एमसीबी वारंवार ट्रिप होतो म्हणून मोठा बसवू देऊ नका. हे रोज घडतं. उन्हाळ्यात दुसरा एसी बसतो, 20 चा एमसीबी पडायला लागतो, सभासद गल्लीतल्या माणसाला बोलावतो आणि तो दहा मिनिटांत 32 चा बसवून जातो. सगळे खूश होतात. भिंतीत मात्र वायर तीच, 2.5 चौरस मिलिमीटरची, जी पाइपातून साधारण 20 ते 24 अँपिअर सोसते. एमसीबी आकड्यावर लगेच पडत नाही. त्याच्या मानकातच आहे की आकड्याच्या 1.45 पट करंटला त्याने एका तासाच्या आत पडावं. म्हणजे 32 चा एमसीबी 46 अँपिअर तासभरसुद्धा जाऊ देऊ शकतो. दुप्पट करंटला चौपट उष्णता, हे गणित शाळेतलंच आहे. ती उष्णता प्लॅस्टरच्या आत, आपल्या पलंगामागच्या भिंतीत मुरते. एमसीबी वायरला सांभाळण्यासाठी असतो. तो बदलायचा असेल तर आधी वायर बदलावी लागते, आणि वायर कोणत्या जाडीची आहे हे बघितल्याशिवाय कुणी एमसीबीला हात लावू नये असा नियम सोसायटीने करावा.

पोर्सिलिनचे किटकॅट फ्यूज अजून शेकडो इमारतींत आहेत. त्यात फ्यूज वायरच्या जागी केबलचे दोन-तीन तांब्याचे पदर पिळून घातलेले मी अजूनही बघतो. तुमच्या शेजारच्या 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरपाशी सरळ शॉर्ट झाला तर 16,000 अँपिअरच्या पुढे करंट वाहू शकतो. मीटर रूमपर्यंत केबलच्या लांबीमुळे तो कमी होतो, तरी काही हजार उरतोच. किटकॅट फ्यूज एवढ्याला तोडण्यासाठी बनलेला नाही, तो फुटतो. एचआरसी फ्यूज 80,000 अँपिअरपर्यंत शांतपणे तोडतो, कारण त्याच्या आतल्या वाळूत ठिणगी विझते. मेनला एचआरसी किंवा योग्य क्षमतेचा एमसीसीबी, एवढं किमान हवंच. एमसीसीबीच्या पाटीवर केए, म्हणजे तो किती हजार अँपिअर तोडू शकतो, हे लिहिलेलं असतं ते विचारा. कोटेशनमध्ये फक्त अँपिअर लिहिले असतील आणि केए लिहिले नसतील तर ते कोटेशन अपुरं आहे.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे वीजगळती झाली की पडणाऱ्या स्विचबद्दल, थोडक्यात. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरचा लागतो आणि तो प्रत्येक घरात हवा. तो ओव्हरलोड बघत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच. त्यावरचं टी बटण महिन्यातून एकदा दाबायचं आणि तो पडला पाहिजे. पडत नसेल तर तो नुसती शोभा आहे. पावसाळ्यात तो सारखा पडतो म्हणून काढून टाकलेली घरं मला माहीत आहेत. अशा घरात कुठेतरी ओल धरलेली असते, बहुतेक वेळा बाथरूमच्या गीझर पॉइंटमध्ये किंवा बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये. आरसीसीबी तेच सांगत असतो.

आणि आता चार्जिंग. विजेवरच्या गाड्या येताहेत ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः एक घेतली आहे. पण घरगुती चार्जर 7.4 किलोवॅटचा, म्हणजे 32 अँपिअर, तोही सलग सहा-आठ तास. इमारतीची केबल ठरवताना सगळे सभासद एकदम सगळं चालू करणार नाहीत हे गृहीत धरलेलं असतं. रात्री अकराला दहा गाड्या एकदम लागल्या की हे गृहीतक मोडतं, आणि जो जोड आजवर संध्याकाळी चार तास तापून रात्री गार व्हायचा त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून परवानगी अडवून ठेवू नका, आणि तशीच देऊही नका. आधी उन्हाळ्यातल्या आठवड्याभराचा लोड मोजून घ्या. पार्किंगसाठी वेगळा फीडर (मेनपासूनची स्वतंत्र केबल), वेगळं पॅनल आणि चार्जरना आपापसांत लोड वाटून घेणारी व्यवस्था, हे सगळं एकदाच ठरवा. लिफ्टच्या किंवा पंपाच्या पॅनलमधून लाइन ओढू देऊ नका. चार्जरला साधा एसी टाइपचा आरसीसीबी पुरत नाही. टाइप ए लागतो आणि डीसी गळतीची दखल घेणारी सोय लागते. चार्जरमध्ये ती आहे का ते कागदावर बघा.

तपासणी कशी करून घ्यायची तेही सांगतो, कारण चुकीची तपासणी झाली तर उगाच निर्धास्त व्हाल. थर्मल कॅमेऱ्याने पाहणी रात्री नऊ ते अकरामध्ये, एप्रिल-मेमध्ये करायची. सकाळी दहाला लोड निम्मा असतो तेव्हा जोडाची उष्णता पावपट असते आणि अहवालात सगळं हिरवं दिसतं. चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियम कॅमेऱ्याला प्रत्यक्षापेक्षा गार दिसतं, म्हणून बंद काळात जोडांशेजारी काळ्या टेपचा तुकडा लावून ठेवावा लागतो किंवा शेजारच्या स्लीव्हवर मोजावं लागतं. येणाऱ्याला हे माहीत आहे का ते एका प्रश्नात कळतं. नंतर एक पूर्ण शटडाउन घ्या. मेन केबलपासून मीटरपर्यंतचा प्रत्येक जोड उघडायचा, ॲल्युमिनियम तारेच्या ब्रशने घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावायचं, तांबं-ॲल्युमिनियम एकत्र येतं तिथे बायमेटल लग किंवा वॉशर, आणि बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायचा. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलेला बोल्टही वाईटच, ॲल्युमिनियम चेपून तो पुढे सैल होतो. आवळून झालं की नटावरून बसबारवर मार्करने एक रेघ. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे लहान मुलालाही कळेल. त्याच दिवशी मेगरने इन्सुलेशन आणि अर्थ टेस्टरने अर्थिंगचा खड्डा मोजून आकडे लिहून घ्या. केबल शिरते ती भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बुजवा. दोन बसबारांवर पाल आडवी होऊन झालेला स्फोट मी डोळ्यांनी बघितला आहे.

शटडाउन तीन-चार तासांचा असतो. सभासद चिडतील. ज्या इमारतीची गोष्ट वर सांगितली तिथेही चिडले होते. तेव्हा अध्यक्ष स्वतः टॉर्च धरून माझ्याजवळ उभे राहिले आणि तो खाल्लेला लग काढल्यावर तळहातावर घेऊन जिन्यात जमलेल्या लोकांत फिरवून आले. त्यानंतर कुणी किती वेळ लागेल असं विचारलं नाही.

मीटर रूममधली जुनी फर्निचर, सायकली, रंगाचे डबे, गणपतीच्या मखराचं सामान आजच बाहेर काढा. मीटर रूम बहुतेक ठिकाणी जिन्याखाली असते आणि उतरायला जिना एकच असतो. पीव्हीसी जळाली की धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. तो धूर जिन्यातून आणि उघड्या केबल शाफ्टमधून वर चढतो. शाफ्टची प्रत्येक मजल्यावरची भोकं आगरोधक सिलंटने बंद करा.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या, परवान्याची प्रत फाइलला लावा, कामावर पर्यवेक्षक हजर आहे ना ते बघा. सर्वात कमी कोटेशन घेण्याची सवय रंगकामात चालते. इथे आधी कामाचं स्वरूप लिहून द्या आणि मग भाव मागा, म्हणजे सगळे एकाच कामाचा भाव देतील.

ठरावाचा मसुदा देतो, तसाच घेतलात तरी चालेल :

"संस्थेच्या मीटर रूममधील मेन स्विच, बसबार, न्यूट्रल लिंक, रायझर केबल व अर्थिंग यांची परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात पूर्ण लोडवर थर्मल तपासणी व त्यानंतर शटडाउन घेऊन जोडांची देखभाल करण्यात यावी, मोजमापांचा अहवाल संस्थेच्या दप्तरी ठेवण्यात यावा व तो पुढील वार्षिक सभेपुढे वाचण्यात यावा. यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करण्यात येत आहे."

सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावं आजच विचारून ठेवा. सभेला अजून वेळ असेल तर मधल्या काळात एकदा रात्री नऊनंतर मीटर रूमचं दार उघडून बाहेरच उभे राहा. कशालाही हात लावू नका. फक्त वास येतो का आणि बारीक चरचर ऐकू येते का, एवढंच बघा. यातलं एक जरी जाणवलं तरी सभेची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक